हळदीकुंकवाचं बिल

मी एक जुनी तार आहे. विजेची नव्हे, कुंपणाची नव्हे, दुकानात बिलं खोचून ठेवायची तार. खाली लाकडाची गोल चकती, वर आकड्यासारखं वळण आणि वळणाच्या शेवटी अणकुचीदार टोक. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिलं असेल कोण जाणे. पाहिलं असेल तर आधी हात दाखवा. टोकाला बोट लावून बघणारी मुलं मी फार पाहिली आहेत.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष नाही. ज्याचे पैसे आले त्याचं बिल माझ्यावरून उतरतं. ज्याचे यायचे राहिले त्याचंच माझ्यापाशी राहतं. म्हणजे जन्मभर माझी सोबत कुणाशी, तर न दिलेल्यांशी! अशा संगतीत कुणावर विश्वास ठेवणार? रोज सकाळी मी माझ्या अंगावरच्या नावांकडे बघायची आणि मनात म्हणायची, हा बुडवणार, हा टोलवणार आणि हा तर फोनच उचलणार नाही.

मला घडवलं हरिबांनी. शिरूरच्या बाजारात ते बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायचे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी फुटक्या बादलीची कडी सरळ केली, तापवून वाकवली, टोक घासलं आणि मोडक्या पाटाचा तुकडा कापून मला बूड दिलं. मग मला बबनरावांच्या हाती ठेवत म्हणाले, "घ्या. कागुद वाऱ्यानं उडायचा न्हाई आन् गिऱ्हाईक इसरायचं न्हाई."

बबनरावांचं दुकान होतं बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, झुली, कासरे, म्होरक्या, रंगीत गोंडे. शर्यतीच्या बैलांचे मालक लांबून त्यांच्याकडे यायचे. बबनरावांनी मला गल्ल्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगलं. काय दिवस होते ते! माझ्यावर आपलं बिल लटकलेलं दिसलं की मोठमोठी माणसं मिशीतल्या मिशीत शरमायची आणि भुईमुगाच्या शेंगांचे पैसे आले की धावत येऊन बिल उतरवून न्यायची. "ही तार म्हंजी माझा मुनीम हाय," असं बबनराव चारचौघांत सांगायचे. मी ताठ व्हायची. आधीच ताठ होते, आणखी व्हायची.

बबनरावांची एक रीत होती. गुढीपाडव्याला मला चिंचेनं घासायचे, पूजेत ठेवायचे आणि वर्षाचं पहिलं बिल हळदीकुंकू लावून माझ्यात खोचायचे. ते बिल वर्षभर तळाशी राहायचं, उतरवायचं नाही. शकुनाचं बिल ना ते! पण एक गोष्ट ते कटाक्षानं पाळायचे. ते बिल रोखीचं असायचं. नोटा गल्ल्यात पडल्याशिवाय कुंकवाचं बोट कागदाला लागायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी बबनराव गेले आणि दुकान त्यांच्या सुनेनं, सारिकानं हाती घेतलं. तिचा नवरा दत्ता सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. पंचक्रोशीत बैलं कमी झाली होती, दुकानात माशा बसायच्या. सारिकानं काय केलं, तर घुंगरमाळा हलवून त्यांचा आवाज फोनवर टिपला आणि तो सगळ्या जगाला ऐकवला. महिन्याभरात सांगली, नाशिक, पार विजापूरहून मागण्या यायला लागल्या. कुरिअरवाला रोज दारात उभा. शेवंताबाई आणि आणखी दोघी मागच्या खोलीत झुली शिवायला आणि गोंडे बांधायला बसल्या.

किरकोळ गिऱ्हाईक आधी पैसे टाकायचं, मग माल जायचा. पण मोठी मागणी करणारे, यात्रेच्या कमिट्या, दुकानदार, पथकं, यांचं एकच पालुपद, "माल पोचला की लगेच टाकतो, ताई." सारिका बिल छापायची, एक प्रत पार्सलात घालायची आणि दुसरी माझ्यात खोचायची. धंदा फोनवर गेला तरी उधारी माझ्यापाशीच राहिली. मला अभिमान वाटला. संशयही तितकाच वाढला, कारण आता देणाऱ्याचं तोंडही दिसत नव्हतं.

यंदाच्या पाडव्याला सारिकाचे मामा आले, कोरेगाव भीमाचे मारुतराव. पांढरे स्वच्छ कपडे, गावात शब्दाला वजन, दावणीला शर्यतीच्या बैलांच्या दोन जोड्या. आईच्या माघारी सारिकाचं लग्न याच मामांनी लावून दिलं होतं. त्यांनी दोन्ही जोड्यांचा संपूर्ण साज घेतला, वर यात्रेत मान द्यायला पंचवीस कासरे. सत्तेचाळीस हजार दोनशे रुपये.

"पयलं बिल मामांचं!" सारिका हरखून म्हणाली. तिनं बिलाला हळदीकुंकू लावलं आणि माझ्यात खोचलं.

"पैसं पृथ्वीराजला सांगतो धाडायला," मामा चहा पिता पिता म्हणाले. पृथ्वीराज म्हणजे त्यांचा मुलगा.

"असू द्या वो मामा, कुठं पळून चाललाय!"

मी हे सगळं ऐकलं होतं. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, त्या बिलावर मात्र घेतला नाही. कुंकू लावलेल्या कागदावर कोण संशय घेतं? महिन्याभरात त्याच्यावर दहा-पंधरा बिलं चढली आणि ते दिसेनासं झालं. पुढं सारिकाच्या डोक्यात एवढंच राहिलं, की तळाशी शकुनाचं बिल आहे आणि ते काढायचं नसतं.

आणि खरं सांगायचं तर, मामांकडे पैसे मागायचे असतात, हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

ज्येष्ठात एका भामट्यानं तिला फसवलं. पैसे पाठवल्याचा खोटा फोटो पाठवला, सहा हजारांचा माल नेला आणि फोन बंद करून बसला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सारिका त्या दिवसापासून प्रत्येकाला फुंकायला लागली. दोनशे रुपयांसाठी तीनदा फोन. 'टाकले' म्हणणाऱ्याला उलटतपासणी. ती सुरू झाली की मी वरून मनातल्या मनात टाळ्या वाजवायची. शाबास, सोडू नकोस!

भादव्यातला पोळा महिन्यावर आला. वर्षाची निम्मी कमाई त्याआधीच्या पंधरवड्यात व्हायची. पितळी घुंगरं पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला, "शुक्रवारपर्यंत पन्नास हजार आगाऊ टाका, न्हाईतर माल दुसरीकडं जातोय." सारिकाच्या खात्यात होते नऊ हजार. शेवंताबाईंची दोन आठवड्यांची मजुरी थकलेली. घुंगरं आली नाहीत तर पोळ्याच्या मागण्या परत करायच्या आणि मागची खोली बंद करायची, एवढं साधं गणित होतं.

त्या रविवारी दत्ताला सुट्टी होती. दोघांनी मला खिळ्यावरून उतरवलं आणि वरून बिलं चाळायला घेतली. वरून, हे लक्षात ठेवा. वरून तिसरंच बिल दौंडच्या नागसेनचं होतं. तो तिथं हलगी-लेझीमचं पथक चालवायचा. पायात बांधायचे तेवीस घुंगरपट्टे, प्रत्येकी आठशे, एकूण अठरा हजार चारशे. माल जाऊन महिना झाला होता.

"मी दोनदा फोन केला," सारिका म्हणाली. "म्हंत्यात, टाकलं की, पथकातल्या पोरांनी टाकलं. आन् त्यांच्या नावानं रुपाया आलेला न्हाई."

"पोरांवर ढकलतोय," दत्ता म्हणाला. "वळख ना पाळख. चल, जाऊनच येऊ दौंडला."

मीही त्यांच्या मताची होते. माणूस लांबचा, ओळखीचा नाही, पैसे टाकले म्हणतो आणि ते आलेले नाहीत. आणखी काय पुरावा पाहिजे? बिल हरवू नये म्हणून सारिकानं मला तशीच टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत घातली. न्हावऱ्यावरून इनामगावच्या अंगानं मोटरसायकल निघाली. रस्ताभर दत्ता काय बोलायचं ते घोकत होता आणि मी पिशवीतून त्याला मनोमन शब्द पुरवत होते.

दौंडला स्टेशनच्या पलीकडच्या मैदानात पथकाचा सराव चालला होता. गणपती आठवड्यावर आलेले. हलगी कडाडत होती, तेवीस मुलं-मुली एका ठेक्यात पाय आपटत होती आणि आमचं घुंगरू काय वाजत होतं! क्षणभर सारिकाही थांबली. दत्ता थांबला नाही. तो सरळ मधोमध जाऊन उभा राहिला.

"घुंगरं आमची," तो मोठ्यानं म्हणाला. "पैसं बुडवायचं आन् वर त्यावर नाचायचं? लाज हाय का?"

हलगी बंद पडली. नागसेन पुढं आला. तिशीचा, सडसडीत, घामानं भिजलेला. दिवसा मालधक्क्यावर हमाली करून संध्याकाळी आणि सुट्टीला हे पथक शिकवायचा.

"दादा, जरा जपून बोला. लहान पोरी हायेत हितं."

"मग अठरा हजार चारशे कुठं हायेत?"

"सगळ्यांनी आपापलं टाकलंत. ताईंना म्या फोनवर सांगितलं व्हतं."

"तुमच्या नावानं काय आलेलं न्हाई, दादा," सारिका म्हणाली. "तीनदा बघितलं मी."

 नागसेन वळून मुलांना म्हणाला, "सोडा रे सगळ्यांनी. ह्यांची खात्री हुईस्तवर पायात नगं."

तेवीस जणं मैदानात खाली बसली आणि घुंगरपट्टे सोडायला लागली. बारक्या मुलींना गाठी सुटेनात, मोठ्यांनी त्यांना सोडून दिल्या.  सारिकानं मला पिशवीतून काढून मैदानाच्या कडेच्या पायरीवर ठेवलं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, तेव्हा प्रथमच माझ्या मनात आलं, की हे काहीतरी चुकतंय.

पथकात अंकिता नावाची कॉलेजात जाणारी मुलगी होती. ती पिशवीतून शंभर पानी वही घेऊन आली. पथकात वर्गणीचा हिशोब तिच्याकडे असायचा.

"ताई, फोन उघडा," ती म्हणाली. "मी तारीख सांगती, तुमी बघा. अकरा तारीख. अंकिता. आठशे."

सारिकानं बोटानं यादी वर सरकवली. रोज तीसचाळीस किरकोळ रकमा यायच्या. त्यांत अकरा तारखेला अंकिताचे आठशे होते.

"हायेत," ती म्हणाली.

अंकितानं दुसरं नाव वाचलं. ज्याचं नाव होतं तो हातात घुंगरपट्टा धरून उभा राहिला. त्याचेही आठशे होते. तिसरं. चौथं. पाचव्या नावापासून सारिका प्रत्येक रकमेवर नुसतं बोट ठेवायला लागली. पथकाची रीतच अशी होती, की कुणी कुणाच्या मेहेरबानीवर नाचायचं नाही, ज्याच्या पायात घुंगरू त्यानंच त्याचे पैसे टाकायचे. कुणी पेपर टाकून साठवले होते, कुणी आईच्या धुण्याभांड्यांतून. तेवीस जणांनी तेवीस फोनांवरून टाकलेले आठशे रुपये किरकोळ विक्रीत मिसळून गेले होते, आणि सारिका नागसेनचं नाव शोधत बसली होती. ते पैसे तर कधीच कुरिअरला आणि झुलींच्या कापडाला खर्चून झाले होते.

तेविसावं नाव वाचून अंकितानं वही मिटली.

दत्ता रुळांकडे बघत उभा होता. सारिकानं हात जोडले. "माझं चुकलं, दादा. लई मोठं चुकलं. पोरांनो, बांधा परत."

कुणीच बांधलं नाही.

"आज न्हाई बांधणार आता," नागसेन शांतपणे म्हणाला. "बसा, च्या घिऊन जावा." चहा आला आणि दोघांना तो प्यावा लागला. कप ठेवता ठेवता नागसेन एवढंच म्हणाला, "ताई, नाव बघून हुडकू नका. तारीख आन् रक्कम बघा. पैसं देणारा आपल्याच नावानं दील असं नसतंय."

सारिकानं त्याचं बिल माझ्यातून काढलं, त्यावर 'मिळाले' असं लिहून सही केली आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते न बघताच अंकिताच्या वहीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकानं माझ्यावरची सगळी बिलं उतरवली आणि तारीखवार जमिनीवर मांडायला घेतली. शेवंताबाई तेवढ्यात कामावर आल्या. त्या बबनरावांच्या वेळेपासूनच्या. तळाचं बिल निघालं, हळद वाळून पोपडे धरलेली. सारिका ते तसंच परत खोचणार, तोच शेवंताबाई म्हणाल्या, "ह्याचं पैसं आलंत ना पर?"

"पाडव्याचं हाय ते, मामांचं. काढायचं नसतंय."

"काढू नगंस. पर आलंत का? बबनआबांच्या येळंला ते रोखीचं असायचं, बाय. उधारीला कोन कुकू लावंल?"

सारिकानं फोन घेतला. पाडव्यापासून आजपर्यंतची एकेक तारीख, एकेक रक्कम ती तपासत गेली. या वेळी नाव बघितलं नाही. दुपार झाली. सत्तेचाळीस हजार दोनशे कुठंच नव्हते, एकरकमी नाही आणि तुकड्यांतही नाही. ती बिलं मांडलेल्या जमिनीवर तशीच बसून राहिली आणि रडली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते माझ्याच अंगावर घडलं होतं. वरच्या, परक्या, छोट्या बिलांवर मी डोळे वटारत होते आणि सगळ्यांत मोठी उधारी माझ्या बुडाशी कुंकू लावून बसली होती. मामा चोर होते असं मी म्हणत नाही. पण मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, हे खरं.

बुधवारी मामा आपणहून दुकानात आले. पोळ्यासाठी शिंगांचे गोंडे हवे होते. खुर्चीवर टेकत म्हणाले, "सारिके, चांगलं चार जोड दे बांधून. लिहून ठेव."

सारिकानं गोंडे काढले नाहीत. तिनं ते हळदीचं बिल त्यांच्यासमोर ठेवलं.  मला वाटलं, आता ही कच खाणार.

"मामा, ह्याचं पैसं राह्यलेत."

मामांनी बिलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आगं, कुकू लावून तारंला चढवलंस की तू! म्या साऱ्या गावात सांगितलं, भाचीनं मान केला म्हनून. मानाचं पैसं घेत्यात व्हय?"

"मान केलाच, मामा. पैसं त्यातलं न्हाईत."

"दत्तानं शिकवलं वाटतं हे."

"न्हाई. माझं मीच मागतीय. पाच म्हैनं मागितलं न्हाई, ती माझी चूक. तुमास्नी इचारायचं मनातबी आलं न्हाई, आन् दौंडला जाऊन दुसऱ्यांच्या पोरांच्या पायातली घुंगरं सोडाय लावली. त्यांनी पैसं दिलेलं व्हतं, मामा." तिनं बिल त्यांच्याकडे आणखी सरकवलं. "शुक्रवारी घुंगरांचं पन्नास हजार भरायचेत. न्हाई भरलं तर दुकान ऱ्हात न्हाई."

 मामांना खरंच तो मान वाटला होता, की सोयीचा गैरसमज होता? मी आजही सांगू शकत नाही. ते उठले, गोंडे न घेता, चहा न घेता चपला घालून निघून गेले. सारिका दाराशी उभी राहिली. मामा आता तुटले, असंच तिला वाटलं असणार. मला तर खात्रीच होती, पैसेही गेले आणि माणूसही गेला.

गुरुवारी दुपारी सारिकाच्या फोनवर सत्तेचाळीस हजार दोनशे आले. पृथ्वीराजच्या नावावरून. तिनं आधी रक्कम पाहिली, मग तारीख लिहिली, आणि शकुनाचं बिल 'मिळाले' असं लिहून बाजूला ठेवलं, वर्ष संपायच्या आतच, परत माझ्यात खोचलं नाही. शुक्रवारी घुंगरांचे पैसे भरले, शनिवारी शेवंताबाईंची मजुरी दिली. पोळा झाला. मामा दोन महिने आले नाहीत. दिवाळीला आले, भाऊबीजेची साडी घेऊन. घेतलेल्या मालाचे पैसे त्यांनी आधी मोजून ठेवले आणि मगच पाणी मागितलं.

माझं काम मात्र संपलं. सारिका आता तारीखवार वही ठेवते आणि रोज सकाळी जुन्यापासून नव्याकडे बघते. पंधरा दिवस उलटले की मामा असोत की मंत्री, सगळ्यांना सारखाच नम्र फोन जातो. मी मागच्या खोलीत असते. माझ्यावर कुरिअरच्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्यावर संशय घ्यायला काही नसतं.

एक गोष्ट राहिली. गणपतीच्या आधी सारिकानं शेवंताबाईंकडून तेवीस लाल गोंडे बांधून घेतले आणि दौंडला पाठवले. सोबत चिठ्ठी लिहिली, माफीची. लिहिलं, की हे बिनपैशाचे आहेत, तेवढे घ्या. तिसऱ्या दिवशी तिच्या फोनवर चाळीस रुपये आले. मग आणखी चाळीस. संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला. तेवीस नावं, प्रत्येकाचे चाळीस, आणि प्रत्येकापुढं लिहिलेलं, 'गोंड्याचे'. सारिका एकेक नाव वाचत गेली आणि शेवंताबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. त्यानंतर दौंडहून मागणी आली नाही.

मित्रांनो, पैशांचा हिशोब ठेवा, जरूर ठेवा. ज्यांच्याकडे मागायची लाज वाटते त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि परक्याच्या दारात जाण्याआधी आपली यादी पुन्हा एकदा नीट बघा. गेलेले पैसे मी परत येताना पुष्कळ पाहिले आहेत. त्या मुलांनी आमच्यावर परत विश्वास ठेवावा म्हणून काय पाठवायचं, ते मात्र अजून सारिकाला कळलेलं नाही, आणि मलाही नाही.